पाणी किती तापलं की मासे अंडी घालायला काठावर येतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वसंतात पाणी ६० फॅरनहाइटला पोचलं की बास मासा अंडी घालायला काठाला येतो आणि तेव्हा गळाला चांगला लागतो, असं अमेरिकेतले गळवाले सांगतात, मग आपण तापी-गिरणेच्या पट्ट्यात फेब्रुवारी-मार्चला थर्मामीटर घेऊन बसावं का?

बसा, पण बासचा हिशेब इथं लावू नका.

६० फॅरनहाइट म्हणजे आपले साडेपंधरा अंश. तिकडं थंड भागात तळी गोठतात. मासा थंड रक्ताचा, त्यामुळे पाणी ४-५ अंशांवर असताना तो खोलात जवळपास उपाशीच पडून राहतो. पाणी १०-१२ च्या वर सरकलं की भूक खवळते आणि तो काठाकडे निघतो. गळवाल्यांची सुगी ती हीच. पुढे साधारण १६ ते २४ अंशांत नर उथळ पाण्यात शेपटीनं तळ झाडून परातीसारखा खळगा करतो. मादी अंडी टाकून निघून जाते, राखण बाप करतो. मध्येच थंडीची लाट आली तर अंडी फुटायला उशीर होतो, बुरशी धरते, कधी बापही खळगा सोडून जातो. म्हणून तिकडं एकेका अंशाचा एवढा बाऊ.

आता आपलं बघा. मी एकदा फिशटँकचा थर्मामीटर सुतळीला बांधून गावच्या पाझर तलावात सोडला होता. जानेवारीत सकाळी सातला, शेकोटीपुढून उठवत नव्हतं अशा थंडीत, हातभर खाली १९ अंश. फेब्रुवारीअखेर दुपारी काठाला २७! म्हणजे त्यांचा वसंत तो आपला वांग्याच्या भरताचा सीझन. मार्च उजाडला की बासच्या मापानं आपल्याकडे उन्हाळाच लागलेला असतो.

रोहू, कटला, मृगळ यांना अंश कमी पडत नाहीत हो, पूर कमी पडतो. आखाजीला पाणी कितीही तापू द्या, मादीच्या पोटात अंडी तयार होत असली तरी साचलेल्या पाण्यात ती सोडत नाही. मृगानंतर नदीला गढूळ लोंढा यावा, काठचं गवत बुडावं, मग गाडं हलतं. तळ्यात ते होईना म्हणूनच १९५७ साली कटकला हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशाच्याच पियूष ग्रंथीचा अर्क टोचून अंडी सोडवून घेतली. आज तळ्यात सोडायला मिळणारं बहुतेक बीज, म्हणजे माशांची बारीक पिल्लं, त्याच वाटेनं आलेलं.

थर्मामीटर खरा कामाला येतो तो सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प माशासाठी. हा साचलेल्या पाण्यातही अंडी घालतो, जानेवारी ते मार्च आणि परत जुलै-ऑगस्टला. पाणी विशीच्या वर टिकलं की पहाटे काठच्या पाणगवतात धपाधप आवाज ऐकू येतो. अंडी चिकट, गवताला लगडतात. मात्र त्या धांदलीत तो कणकेच्या गोळीकडे ढुंकून बघत नाही. आधीचा आठवडा साधा, दुपार उतरताना.

बासशी खरं नातं सांगायचं तर आपल्या मरळचं. पावसाळ्यात उथळ कडेला गवत बाजूला सारून जागा करते, अंडी वर तरंगतात आणि जोडी खाली राखण करते. पुढे लालसर पिल्लांचा पुंजका पाण्यावर सळसळताना दिसतो, जणू कुणी हळद-कुंकू सांडलंय. त्यात प्लॅस्टिकची बेडकी टाकली की आई-बाप हमखास झडप घालतात, भुकेनं नाही, रागानं. मी पोरवयात एक असा काढला. घटकाभरात त्या पुंजक्याभोवती दुसऱ्या माशांची तोंडं फुटायला लागली. पिल्लं दिसली की आता मी गळ गुंडाळतो.

एप्रिल-मेचं गणित वेगळं. १५ अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे १० मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० ला साडेसातच. शेवाळाच्या तलावात तर पहाटेपर्यंत तोही संपत येतो आणि मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात. त्याला भूक समजू नका, जीव घुसमटत असतो त्यांचा. हवा घेणारी मरळ तेवढी मजेत असते. बाकीच्यांसाठी उन्हं चढू द्या, वारा लाटा उठवतोय तो काठ धरा. आणि तलाव मच्छीमार सोसायटीच्या ठेक्याचा असेल तर आधी विचारून घ्या, भो, नाहीतर गळही जाईल आणि बादलीही.