आधी एक पावसाळा, मग नकाशा

डब्लिनहून एका दांपत्याचे पत्र आले आहे. दोघेही चाळिशीतले असून गेली चौदा वर्षे परदेशात आहेत. पत्नी घरांच्या अंतर्गत रचनेचे काम करतात. पती संगणक क्षेत्रात असून त्यांनी आता आयरिश नागरिकत्व घेतले आहे. मुलगी अकरा वर्षांची आहे आणि मुलगा सात वर्षांचा. गुहागर तालुक्यात खाडीच्या जवळ पतींचे वडिलोपार्जित कौलारू घर आहे. तेथे धाकटे काका-काकू राहतात आणि वडील गेल्यापासून घराच्या अर्ध्या भागाला कुलूप आहे. या घरात परत यावे, तीन खोल्या पाहुण्यांसाठी देखण्या कराव्यात, मागच्या वाडीत दोन नवी कॉटेजेस आणि एक पोहण्याचा तलाव बांधावा आणि स्वतः तेथे राहून पाहुण्यांचे आतिथ्य करावे, असा त्यांचा विचार आहे. नकाशे तयार आहेत, कंत्राटदाराशी व्हिडिओ कॉलवर बोलणे चालू आहे. येत्या मे महिन्यात काम सुरू करावे का, असे त्यांनी विचारले आहे.

आपले पत्र मी दोनदा वाचले. कोकणातल्या घराचे कुलूप निघणार आहे या बातमीचा मला किती आनंद होतो, हे शब्दांत सांगणे कठीण आहे. वाडीवाडीत अशी बंद घरे पाहत मी वाढलो आहे. म्हणूनच अगदी स्पष्ट लिहितो. मे महिन्यात काम सुरू करू नका. मे महिन्याच्या अखेरीस या, कुलूप काढा आणि एक पूर्ण पावसाळा त्या घरात राहा. आपला हेतू मला पूर्णपणे पटतो. आपले नकाशे मात्र अजून त्या घराला भेटलेले नाहीत.

आमच्या किनाऱ्यावर वर्षाला अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. तोही सरळ पडत नाही. जुलैमध्ये नैर्ऋत्येचा वारा सुटला की पाऊस आडवा येतो आणि त्याची झड पडवीतून आत शिरून माजघराच्या उंबऱ्यापर्यंत पोहोचते. जुन्या घरांच्या पाख्या इतक्या खाली का आणल्या आहेत, ओटीवर चढताना उंच माणसाला मान का वाकवावी लागते, पश्चिमेकडच्या भिंतीला खिडक्या कमी आणि लहान का असतात, या सगळ्याचे उत्तर त्या झडीत आहे. आपल्या नकाशात पश्चिमेला, खाडीच्या दिशेने, जमिनीपासून छतापर्यंत काच दाखवली आहे. डिसेंबरात ते दृश्य अप्रतिम दिसेल. जुलैत मात्र काचेच्या चौकटीतून पाणी आत येईल आणि मे महिन्यात दुपारी तीननंतर त्या खोलीत बसवणार नाही. ते दृश्य पाहुण्यांना अवश्य द्या, पण ते खोल पडवीतून, सावलीत बसून पाहता येईल अशी रचना करा.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. साधारण वीस वर्षांपूर्वी, दरवर्षी पावसाआधी कौले नीट लावून घेण्याचा, म्हणजे शाकारणीचा, त्रास नको म्हणून आम्ही आमच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांवरची कौले उतरवली आणि स्लॅब घातला. तिसऱ्या पावसाळ्यात छताला ओल आली, पुढे सळ्या गंजून फुगल्या, पोपडे अंथरुणावर पडू लागले, आणि आज त्या स्लॅबवर लोखंडी खांबांची पत्र्याची शेड उभी आहे. कोकणात गावोगाव स्लॅबवर अशा शेड दिसतात. त्या दोन खोल्या उन्हाळ्यात तापतात आणि पावसाळ्यात कुबट वास देतात, तर शेजारचे ऐंशी वर्षांचे माजघर दोन्ही ऋतूंत सुखाचे असते. कौले उतरवण्याचा सल्ला कोणीही दिला तरी ऐकू नका. वासे आणि रिपा तपासून घ्या, वाळवी लागलेले लाकूड बदला आणि काढलेली चांगली कौले जपून ठेवा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या परिसरात किनाऱ्याला आले, तेव्हा दापोली आणि मंडणगड तालुक्यांतही घरांची छपरे उडाली आणि माडा-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. तेव्हापासून माझे मत पक्के झाले आहे की छपराची लाकडे भिंतीशी नीट जखडणे हा खर्च सजावटीच्या आधी करायचा असतो.

भिंतींविषयीही थोडे सविस्तर लिहितो, कारण परतून आलेल्या कुटुंबांचा पैसा येथे सर्वांत जास्त वाया जातो. जांभा दगड सच्छिद्र असतो; तो ओल ओढतो आणि वारा मिळाला की सोडतो. त्यावर सिमेंटचा गिलावा आणि वर प्लास्टिक पेंट चढवला की आत शिरलेल्या ओलीला बाहेर पडायला वाट राहत नाही आणि दोन वर्षांत रंगाला फोड येतात. चुन्याचा गिलावा आणि चुन्याचाच रंग महाग पडत नाही, पण त्यासाठी ते काम माहीत असलेला गवंडी शोधावा लागतो. जांभ्याचे चिरे उघडे ठेवायचे असतील, तर ते आतल्या आणि पूर्वेकडच्या भिंतींचे ठेवा. पश्चिमेच्या उघड्या भिंतीवर दुसऱ्याच पावसाळ्यात शेवाळ धरते. बिजागऱ्या आणि कड्या पितळी घ्या, किंवा ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलच्या, कारण खाऱ्या हवेत साधे लोखंड टिकत नाही. प्लायवूडची बंद कपाटे करू नका. ऑगस्टमध्ये त्यांच्यातल्या चादरींना बुरशीचा वास येतो आणि तो वास पाहुणा विसरत नाही. माजघर अंधारे वाटते म्हणून त्याची भिंत फोडण्याचा विचार आपण लिहिला आहे. त्याऐवजी छपरात चार काचेची कौले बसवून पाहा. सकाळी दहाच्या सुमारास त्यांतून उजेडाचा पट्टा जमिनीवर उतरतो आणि दुपारपर्यंत हळूहळू सरकत जातो. आपल्यासारख्या रचनाकाराला याहून अधिक काय हवे? स्नानगृहे मात्र हवीतच, आणि प्रत्येक खोलीला स्वतंत्र हवीत. ती मागच्या पडवीच्या रांगेत बसवा, म्हणजे मूळ घराचा सांगाडा अभंग राहील.

आता कागदपत्रे. ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या उताऱ्यावर वडिलांचे नाव आहे, म्हणून घराचा अर्धा भाग आपला, असे आपण गृहीत धरले आहे. तो उतारा कर आकारणीचा आहे. तो मालकी सिद्ध करत नाही. जमिनीचा सातबारा, आठ-अ (खातेउतारा) आणि जुने फेरफार (मालकीबदलाच्या नोंदी) काढा, आणि आजोबांच्या पश्चात वारसांची नोंद कशी झाली ते पाहा. आपल्याला दोन आत्या आहेत असे पत्रातच ओझरते आले आहे. त्यांचाही हिस्सा आहे, आणि हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलींच्या हक्काविषयी शंका घ्यायला जागा उरलेली नाही. कोणी प्रेमाने हक्क सोडणार असेल, तर हक्कसोडपत्र नोंदणीकृतच हवे. ‘आम्हाला काही नको रे’ हे दिवाळीत फोनवर म्हटलेले वाक्य पुढच्या पिढीत टिकत नाही. माझा आग्रह असा आहे की आत्यांकडे कागद घेऊन जाण्याआधी आपण दोघांनी त्यांच्या घरी जावे, या घराचे काय करायचे ठरवले आहे ते सांगावे आणि त्यांचे माहेरपण त्या घरात कायम राहील अशी एक खोली नकाशात आधी काढावी. डब्लिनहून मुखत्यारपत्र पाठवणार असाल, तर ते भारतीय दूतावासात साक्षांकित करून घ्या आणि भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरा.

पतींनी परदेशी नागरिकत्व घेतले असल्याने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागेल. वारशाने आलेली शेतजमीन त्यांच्याकडे राहू शकते, पण परदेशस्थ व्यक्तीला भारतात शेतजमीन किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. शेजारची पोफळीची वाडी विकत घेण्याचा बेत तूर्त सोडून द्या. कोणाच्या तरी नावावर घेऊन ठेवण्याचा सल्ला गावात हमखास मिळेल. तो मुळीच मानू नका.

खाडीकाठचे घर म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचा प्रश्न आलाच. समुद्राच्या भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत, आणि भरतीचे पाणी जेथवर शिरते त्या खाड्यांच्या काठीही, हे नियम लागू होतात. आपला गट क्रमांक मंजूर नकाशावर नेमका कोठे पडतो ते कळेपर्यंत वाडीतल्या दोन कॉटेजेसवर एक रुपयाही खर्च करू नका. याच नियमांत आपल्याला उपयोगी पडेल अशी एक तरतूद आहे. २०१९ च्या अधिसूचनेने ग्रामीण किनाऱ्यावरच्या स्थानिक रहिवाशांना आपल्या राहत्या घरात होम स्टे चालवण्याची मुभा ठेवली आहे. अट एवढीच की जुन्या घराचे जोते, रचना आणि दर्शनी भाग बदलू नये. ही अट मला बंधन वाटत नाही. एखाद्या जाणत्या वास्तुरचनाकारानेही हेच सांगितले असते.

पोहण्याच्या तलावाविषयी मी अधिक ठामपणे नकार देतो. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडूनही आमच्या विहिरी एप्रिलमध्ये तळ गाठतात, कारण जांभ्याच्या कातळात पाणी थांबत नाही, झिरपून जाते. पाहुण्यांची गर्दी नेमकी तेव्हाच असते. शेजारच्या घरातल्या काकू हंडे घेऊन टँकरची वाट पाहत असताना आपल्या अंगणात निळा तलाव भरलेला असणे गावाला सहन होणार नाही, आणि व्हायलाही नको. तो पैसा छपराचे पाणी साठवणाऱ्या टाकीला द्या. सांडपाण्याचा शोषखड्डाही त्याच सच्छिद्र दगडात असतो, हे विसरू नका. तो विहिरीच्या उताराच्या अंगाला आणि जमेल तितका लांब हवा, शेजाऱ्याच्या विहिरीपासूनसुद्धा.

परवाने फारसे अवघड नाहीत. पर्यटन संचालनालयाकडे निवास-न्याहारी योजनेखाली नोंदणी करा, जेवण देणार असाल तर अन्न नोंदणी घ्या, आणि परदेशी पारपत्र असलेला पाहुणा उतरला की २४ तासांच्या आत त्याची ऑनलाइन नोंद करा. डब्लिनचे मित्र राहायला आले तरीही. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांपुढे गेली की जीएसटीची नोंदणी लागते. परतल्यावर एनआरई (अनिवासी भारतीयांच्या) खात्यांचे आणि प्राप्तिकरातील निवासी दर्जाचे काय होईल, ते डब्लिन सोडण्यापूर्वी सनदी लेखापालाला विचारून घ्या, कारण परतीची तारीख थोडी पुढे-मागे केल्यानेही त्यात फरक पडतो.

उत्पन्नाचा हिशेब आपण वर्षाचे ३६५ दिवस धरून केला आहे. तो पुन्हा करा. जून ते सप्टेंबर वगळले तर सुमारे पस्तीस शनिवार-रविवार उरतात, म्हणजे सत्तर रात्री. त्यांत नाताळचा आठवडा आणि उन्हाळी सुट्टी मिळवा. पावसाळ्यातला रसिक पाहुणा येईल, पण त्याला यायला दोन-तीन वर्षे लागतील. शिवाय गणपतीत घर पाहुण्यांना देता येणार नाही. गणपती त्या घरातला आहे, आणि मुंबई-पुण्याहून सगळे चुलत भाऊ चतुर्थीला तेथेच उतरणार. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरी येईल, तेव्हा ओटी सारवलेली आणि मोकळी हवी. हे दिवस आरक्षणाच्या कॅलेंडरवर सर्वांत आधी बंद करून टाका. एवढ्या उत्पन्नावर चौघांचे कुटुंब पहिली तीन वर्षे चालणार नाही, असे मला वाटते; पतींना दुरून नोकरी चालू ठेवता येत असेल तर ती ठेवावी.

आतिथ्याविषयी आपण फक्त एक परिच्छेद लिहिला आहे आणि रचनेविषयी चार पाने. वेळासला कासव महोत्सवाच्या दिवसांत एकदा राहून या. तेथे लोक आपल्या साध्या घरांतच पाहुण्यांना उतरवून घेतात, ओटीवर सतरंज्या घालतात, पानात गरम उकडीचा मोदक वाढतात, आणि पहाटे ऑलिव्ह रिडलेची पिल्ले समुद्राकडे जाताना पाहून आलेला पाहुणा त्या घरातल्या माणसांची आठवण घेऊन परततो. आपल्या घरी काकू आहेत. त्यांच्या हातचे घावणे आणि काळ्या वाटाण्याची आमटी आपण पाहुण्यांना देऊ, असे आपण गृहीत धरले आहे; पण त्यांना कोणी विचारले आहे का? त्यांचे वय, त्यांची दुपारची झोप, परक्या माणसांसमोर वावरण्याचा त्यांचा संकोच यांचा विचार आधी व्हायला हवा. त्यांनी होकार दिला तर त्या कामाचा मोबदला ठरवून, दरमहा, त्यांच्या स्वतःच्या खात्यात जमा व्हावा. घरचेच माणूस म्हणून तो टाळणे हा अन्याय आहे.

मुलीचा प्रश्न सर्वांत तातडीचा आहे. ती अकरा वर्षांची आहे. यायचे असेल तर आठवीच्या आत या, कारण नववी-दहावीत माध्यम आणि अभ्यासक्रम एकदम बदलणे तिच्यावर लादू नये. शाळेसाठी चिपळूणचा विचार करावा लागेल, आणि रोजचा प्रवास तिला झेपेल का, ते पावसात एकदा प्रत्यक्ष जाऊन पाहा. डेरवणचे मोठे रुग्णालय चिपळूण तालुक्यात आहे. रात्री गाडीने तेथे पोहोचायला किती वेळ लागतो, तेही घड्याळ लावून मोजा.

तेव्हा मृग लागण्यापूर्वी, म्हणजे ७ जूनच्या आधी, या. काकांबरोबर शाकारणीला वर चढा आणि ते कोणते कौल काढतात, कोणते ठेवतात ते बघा. एक वही करा आणि पाणी कोठून येते, कोणत्या खोलीत कपडे वाळतात, वारा कोणत्या दाराने फिरतो, वीज किती वेळ जाते, हे तारीखवार लिहीत जा. गणपती झाल्यावर ती वही शेजारी ठेवून नकाशा पुन्हा काढा. गावातल्या सुताराला आणि गवंड्याला मात्र पावसाळ्यातच सांगून ठेवा, कारण दसऱ्यानंतर त्यांचे हात मोकळे नसतात.