नॅनोकणांमुळे उंदरांना कर्करोग झाला, मग सनस्क्रीन वापरावे का?

टायटॅनियम डायऑक्साइड या पांढऱ्या पुडीच्या नॅनोकणांमुळे, म्हणजे अतिसूक्ष्म कणांमुळे, प्रयोगशाळेतील उंदरांना कर्करोग झाला असेल, तर तेच कण असलेले सनस्क्रीन चेहऱ्याला लावणे धोक्याचे नाही का, असे आपण विचारले आहे. बातमी खोटी नाही; परंतु ते कण उंदरांच्या शरीरात कोणत्या वाटेने आणि किती गेले, हे अशा बातम्यांत क्वचितच सांगितलेले असते, आणि माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे.

ज्याचा दाखला वारंवार दिला जातो, तो जर्मनीतील प्रयोग १९९५ साली प्रसिद्ध झाला. त्यात रॅट जातीच्या (मोठ्या) उंदरांच्या माद्यांना दोन वर्षे, दिवसाचे १८ तास, घनमीटरमागे सरासरी १० मिलिग्रॅमच्या आसपास या कणांची धूळ श्वासावाटे देण्यात आली. आपल्याकडे हवेतील सूक्ष्म धूलिकणांचे (पीएम २.५) चोवीस तासांचे मानक घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे ही धूळ त्याच्या दीडशेपटीहून अधिक झाली. फुफ्फुसात शिरलेले कण गिळून हटवण्याचे काम मॅक्रोफेज नावाच्या पेशी करतात. त्या ठासून भरल्या की जागच्या हलेनाशा होतात, सफाई रेंगाळते, दाह धुमसत राहतो आणि कालांतराने गाठी होतात. डब्यात पांढरीशुभ्र दिसणारी ही पूड सूक्ष्मदर्शकाखाली त्या पेशींत काळपट ठिपक्यांसारखी दिसते. त्याच प्रयोगातील माउस जातीच्या (लहान) उंदरांत मात्र गाठींचे प्रमाण वाढलेले आढळले नाही. रॅटचे फुफ्फुस अशा धुळीपुढे लवकर हात टेकते, हे त्यामागचे एक कारण मानले जाते.

म्हणून हे निष्कर्ष उडवून लावावेत, असे मी म्हणणार नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने टायटॅनियम डायऑक्साइड ‘२ब’ गटात, म्हणजे माणसात कर्करोगकारक असण्याची शक्यता असलेल्या पदार्थांत ठेवले, ते मुख्यतः अशाच प्रयोगांच्या आधारे. पोटात जाणाऱ्या कणांचा प्रश्न वेगळा आहे: जनुकीय हानीची शक्यता नाकारता येत नाही, असे युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्ये म्हटले आणि पुढच्याच वर्षी तेथे हा पांढरा रंग खाद्यपदार्थांतून हद्दपार झाला.

सनस्क्रीनमधील कण मात्र जखम नसलेल्या त्वचेच्या वरच्या मृत थरातच अडकून राहतात, असे बहुतेक अभ्यासांत दिसले आहे. मलम खुशाल लावावे. फवारा टाळावा, कारण तो थेट श्वासात जातो. खरी काळजी रंगाच्या कारखान्यात या पुडीची पोती रिकामी करणाऱ्या कामगाराची आहे, ज्याच्यासाठी अमेरिकेतील ‘नायॉश’ या कामगारांच्या आरोग्याविषयीच्या सरकारी संस्थेने २०११ मध्ये नॅनोकणांकरिता घनमीटरमागे ०.३ मिलिग्रॅमची मर्यादा सुचवली.