घोडबंदर रोडवरून टिपलेल्या एकाच छायाचित्रावरून अग्निगोलकाची कक्षा काढता येईल का?

गच्चीतून २० सेकंदांच्या एक्स्पोजरने घेतलेल्या छायाचित्रात अग्निगोलकाची, म्हणजे अतिशय तेजस्वी उल्केची, रेघ उमटली आहे आणि तेवढ्यावरून त्याची सूर्याभोवतीची कक्षा काढता येईल का, असे आपण विचारले आहे. एकट्या छायाचित्रावरून ते शक्य नाही. त्यावरून एवढेच ठरते की, तो मार्ग आपली गच्ची आणि ती रेघ यांतून जाणाऱ्या प्रतलात कुठेतरी होता. त्याच वेळी नाशिक किंवा पुण्याहून कोणी तो टिपला असेल, तर दुसरे प्रतल मिळते आणि दोन्ही प्रतले जिथे छेदतात ती रेषा म्हणजे त्याचा वातावरणातील मार्ग. रेघेची दिशा आजूबाजूच्या ताऱ्यांवरून मोजतात. ठाण्याच्या उजळ आकाशात मोजकेच तारे उमटत असल्याने हे काम चिकाटीने करावे लागते. १०० किलोमीटरवर एका कलेची, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाची, चूक सुमारे ३० मीटरची होते.

खरी अडचण वेगाची आहे. पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाचा आणि तिच्या गतीचा परिणाम काढून टाकल्यावर मिळणारा सूर्यसापेक्ष वेग सेकंदाला ३८ किलोमीटर आला, तर कक्षेचा अर्धदीर्घ अक्ष, म्हणजे लंबवर्तुळाच्या सर्वांत लांब व्यासाचा अर्धा भाग, पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे २.७ पट येतो आणि तोच वेग ३९ धरला, तर साडेतीन पट. एका किलोमीटरच्या फरकाने तो दगड लघुग्रहांच्या पट्ट्याच्या मधल्या भागातून थेट बाहेरच्या कडेला जातो! म्हणूनच चेकोस्लोव्हाकियातील निरीक्षकांनी कॅमेऱ्यापुढे फिरते शटर बसवून रेघेचे ठरावीक कालांतराने तुकडे पाडले आणि ७ एप्रिल १९५९ रोजी प्रशिब्राम येथे पडलेल्या अशनीची, म्हणजे जमिनीपर्यंत पोहोचलेल्या उल्केच्या दगडाची, कक्षा खगोलशास्त्रज्ञ झ्डेनेक त्सेप्लेखा यांनी छायाचित्रांवरून काढली. ज्याची कक्षा अशी ठरली आणि ज्याचे तुकडेही हाती आले, असा तो पहिला अशनी होता.

आपल्या अखंड रेघेत वेळेची नोंद नाही. तेव्हा आसपासच्या सोसायट्यांमधील सीसीटीव्ही चित्रण पुसले जाण्याआधी मागून घ्यावे. त्यातील एकामागोमाग एक चित्रांवरून वेग मिळतो. रशियातील चेल्याबिन्स्कच्या २०१३ मधील अग्निगोलकाची कक्षा अशाच चित्रणांवरून निघाली, त्यासाठी संशोधकांनी त्या जागी जाऊन ताऱ्यांची छायाचित्रे घेतली होती. वेग सेकंदाला ११ किलोमीटरपेक्षा बराच कमी निघाला, तर ती उल्का नसून रॉकेटचा अवशेष असण्याचा संभव अधिक. २ एप्रिल २०२२ रोजी विदर्भात दिसलेला प्रकाश तसाच होता. मूळ फाइल मात्र व्हॉट्सॲपवरून न पाठवता जशीच्या तशी जपून ठेवावी, कारण व्हॉट्सॲपवर चित्र आक्रसते आणि वेळेची नोंदही निघून जाते.