टेक्सासच्या रँचवर प्रेअरी डॉग (बिळात राहणारा खारीच्या जातीचा प्राणी) आणि कायोटी (लांडग्यासारखा छोटा प्राणी) यांच्यासाठी स्वस्तातली रायफल नि स्कोप (नेमाची दुर्बीण) कोणता घ्यावा?

अंतरावर ठरतं. १०० यार्डांच्या आत .२२ एलआर (छोट्या काडतुसाची रायफल) पुरते, काडतुसंही स्वस्त. पण मोकळ्या माळावर २०० यार्ड सहज होतात, आणि कायोटीला .२२ अपुरीच. म्हणून .२२३ रेमिंग्टन या जास्त ताकदीच्या काडतुसाची सॅव्हेज ॲक्सिस किंवा रुगर अमेरिकन घ्या. ॲक्सिस दिसते प्लास्टिकची, नेम मात्र चोख. तिच्यासोबत जोडून मिळणारा स्कोप माझ्या मते नकोच; नुसती रायफल घेऊन ४-१२ पटीचा वेगळा बसवा. स्कोप रायफलवर धरून ठेवणाऱ्या रिंगा भक्कम हव्यात, त्या ढिल्या असतील तर महागड्या स्कोपचाही नेम सरकतो. गोळी ५५ ग्रेन वजनाची (सुमारे साडेतीन ग्रॅम), पॉलिमर टोकाची. जमिनीवरून उसळण्याचा धोका कमी.

एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असाल तर आधी राज्याचं हंटिंग लायसन्स काढा. एरवी त्या व्हिसावर बंदूक बाळगायला फेडरल कायद्याने मनाई आहे.