काशीत संध्याकाळी नावेत बसणार असाल तर

पहिल्यांदा जाताय, तर आठ-दहा जणांचीच नाव घ्या. मोठ्या बोटीत नावाड्याला प्रश्न विचारता येत नाही, आणि खरी मजा त्याच्या बोलण्यातच आहे.

एक गोष्ट आधीच लक्षात घ्या. काशीत गंगा उत्तरेकडे वाहते आणि घाट पश्चिम काठावर आहेत. म्हणजे सूर्य पाण्यात नाही, घाटांच्या मागे मावळतो. अंगावर ऊन घेतलेले घाट बघायचे तर पहाटेच जायला हवं. संध्याकाळचं रूप वेगळंच: पायऱ्या सावलीत, वर शिखरांच्या काळ्या कडा आणि मागे केशरी आकाश. मला तेच जास्त आवडतं.

सूर्यास्ताच्या तासभर आधी अस्सी घाटावरून निघा. दशाश्वमेधच्या जरा अलीकडे अहिल्याबाईंचा घाट लागतो, तिथे नाव हळू करायला सांगा. पुढे मणिकर्णिकेला चिता जळत असतात. तिथे मोबाइल खिशात ठेवा, कुणाच्या तरी घरचं माणूस गेलेलं असतं. मग शिंदे घाटाजवळचं कललेलं रत्नेश्वर मंदिर बघून दशाश्वमेधच्या गंगा आरतीला मागे फिरा. लाइफ जॅकेट मात्र निघण्यापूर्वीच मागून घ्या. पावसाळ्यात पाणी चढलं की नावा बंद असतात.