प्रेमकथा फारशा न आवडणाऱ्याने 'द होस्ट' वाचावी का?

वाचाच. स्टेफनी मेयरची ही 2008 ची कादंबरी मी डिचोलीत, पावसाळ्यात सोप्यावर बसून वाचली. मानेमागच्या चिरेतून परग्रहावरचा चंदेरी जीव माणसात शिरतो आणि देह ताब्यात घेतो. पण असा देह गमावलेली मेलनी आतून विझत नाही. तिच्यात शिरलेल्या जीवाशी, वाँडररशी, भांडत राहते. आमच्याकडे अंगात भार येतो तो उतरतो तरी, इथे दोघींना एकाच देहात नांदायचंय! मेलनीचं प्रेम जॅरेडवर, वाँडरर गुंतते इयनमध्ये. हात एकीचा, ओढ दुसरीची, हे वाचताना जीव कासावीस होतो. सुरुवात रेंगाळते, पण ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या गुहांपर्यंत धीर धरा. 2013 चा सिनेमा नंतर बघा. आतला संवाद पुस्तकातच खरा भिडतो.