कर्नलमधली (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातली) सुरक्षेची भोकं नक्की कोण बुजवतं? पॅच (दुरुस्तीचा तुकडा) चार ओळींचा असतो म्हणतात, मग तो आपल्या फोनपर्यंत यायला महिने का लागतात?

"चार ओळींचा" हे वाचलं आणि हातातलं काम टाकून उत्तर लिहायला बसलो. हेच शब्द मी २०१६ च्या दिवाळीत आमच्या मॅनेजरांच्या तोंडून ऐकले होते. "चार ओळी तर आहेत, संध्याकाळपर्यंत टाकशील ना?" आणि मी त्यांच्याहून शहाणा, "हो सर, दोन तासांचं काम," म्हणून मोकळा झालो होतो.

तेव्हा मी पुण्यात एका लहान कंपनीत होतो. दूध संकलन केंद्रांसाठी आम्ही एक डबा बनवायचो. वजनकाटा आणि फॅट मोजायचं यंत्र त्याला जोडलेलं असायचं; किटली काट्यावर ठेवली की डबा दरपत्रक बघून रक्कम काढायचा आणि पावती छापायचा. आत एआरएम प्रोसेसर, त्यावर लिनक्स. कर्नल चिपवाल्याने दिलेला, ३.० च्या पिढीतला, त्यावर त्याने स्वतःचे असंख्य बदल थापलेले. मूळ ३.० ची देखभाल २०१३ च्या ऑक्टोबरातच थांबली होती. म्हणजे आमचं लेकरू तीन वर्षं पोरकं होतं आणि आम्ही त्याला "स्टेबल आहे" म्हणायचो.

ऑक्टोबर २०१६ मध्ये 'डर्टी काऊ' नावाचं कर्नलमधलं भोक बाहेर आलं. काऊ म्हणजे कॉपी ऑन राइट: मेमरीचं पान (ठरावीक मापाचा तुकडा) सामायिक ठेवायचं, कोणी लिहायला आलं तरच त्याला वेगळी प्रत काढून द्यायची. दूधवाल्यांची कंपनी, तोंडावर वसुबारस आणि कर्नलमध्ये गाय. ऑफिसात काय काय विनोद झाले असतील ते सांगत बसत नाही.

भोक असं होतं. एक थ्रेड (प्रोग्रॅममधला स्वतंत्र चालणारा धागा) फक्त वाचायच्या म्हणून जोडलेल्या फाइलच्या पानावर प्रॉकमधल्या मेम फाइलच्या (प्रोग्रॅमची मेमरी फाइलसारखी दाखवणाऱ्या) वाटेने लिहायला जातो. कर्नल म्हणतो, मूळ पानावर नको, तुला प्रत काढून देतो. प्रत काढली की तो स्वतःशी नोंद करतो, "प्रत झाली, आता लिहिण्याची परवानगी तपासायची गरज नाही," आणि लिहिण्याचा फ्लॅगच (खूणच) काढून टाकतो. नेमका त्याच क्षणी दुसरा थ्रेड मॅडव्हाइज नावाच्या आज्ञेने कर्नलला सांगतो, ती प्रत फेकून दे. कर्नल पुन्हा पान शोधायला जातो तेव्हा हातात लिहिण्याचा फ्लॅग नाही, त्यामुळे तो बिनधास्त मूळ पान काढून देतो. लिहिणं त्याच्यावर होतं. वाचायच्या फाइलवर साध्या युजरने लिहिलं, आणि ती फाइल रूटची (सर्वाधिकारी युजरची) असली की पुढचं सांगायला नको.

हे २.६.२२ पासून, म्हणजे २००७ पासून होतं. फिल ऑस्टर यांना ते सापडलं तेही कोड वाचून नव्हे, तर सर्व्हरवर येणारी रहदारी ते साठवून ठेवत असत, त्यात कोणीतरी वर चढवलेला एक्सप्लॉइट (भोकातून घुसणारा प्रोग्रॅम) मिळाला म्हणून. आपण भोक शोधायच्या आधीच कोणीतरी त्यातून ये-जा करत होतं.

दुरुस्ती लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी स्वतः केली आणि कमिटसोबतच्या (कोडमधल्या बदलाच्या नोंदीसोबतच्या) टिपणात सरळ कबूल केलं, की हा जुनाट बग आपण अकरा वर्षांपूर्वी एकदा दुरुस्त करायला गेलो होतो, तोही वाईट रीतीने. मग आयबीएमच्या एस३९० मशीनवर त्याचा त्रास झाला म्हणून ती दुरुस्ती मागे घेतली गेली. तेव्हा ही रेस (दोन थ्रेडनी नेमका क्षण गाठायची शर्यत) कागदावरचीच वाटत होती, पुढे कर्नलचं मेमरी व्यवस्थापन सुधारत गेलं आणि ती प्रत्यक्षात साधणं सोपं झालं. ते टिपण मी छापून टेबलासमोर लावलं होतं. जगातला सगळ्यात मोठा कर्नलवाला "माझं चुकलं होतं" असं कायमच्या नोंदीत लिहितो, आणि आमच्याकडे कमिटला "मिसलेनियस फिक्सेस" असं नाव द्यायची पद्धत होती.

पॅच खरंच लहान होता, जेमतेम डझनभर ओळी. लिहिण्याचा फ्लॅग काढायचा नाही, त्याऐवजी "प्रत झाली आहे" असा वेगळा फ्लॅग लावायचा. आणि पान शोधताना त्या फ्लॅगसोबत पान खरंच डर्टी (लिहिलं गेलेलं) आहे का हेही बघायचं. दोन जागी बदल, एक छोटं फंक्शन, संपलं.

पण ज्या फाइलला तो पॅच होता ती फाइलच आमच्या कर्नलमध्ये नव्हती. तो भाग वेगळ्या फाइलमध्ये गेला तो बऱ्याच नंतर, ३.० मध्ये सगळं memory च्या एकाच अवाढव्य फाइलमध्ये, फंक्शनांची रचनाही वेगळी. पॅच लागेना, म्हणून हाताने बसवायला घेतला. फ्लॅग टाकला. नवं फंक्शन लिहिलं. पहिल्या जागी बदल केला. तेवढ्यात घरून फोन आला, आकाशकंदिलाची वायर जळाली होती. परत आलो, कंपाइल केलं, एकही वॉर्निंग नाही. दुसऱ्या जागचा बदल, म्हणजे ते नवं फंक्शन जिथे वापरायचं तीच ओळ, राहून गेली होती. फंक्शन स्टॅटिक इनलाइन, त्यामुळे ते कोणी वापरत नाही म्हणून कंपायलरनेही तक्रार केली नाही.

मग एक्सप्लॉइट चालवला. तो संपेना. कंट्रोल-सी दाबलं, थांबेना. मी डब्याची वीज काढली, परत लावली, फाइल उघडली. जशीच्या तशी. "सर, झालं," असा मेसेज टाकून घरी गेलो आणि फराळाला बसलो.

(वीज काढल्यावर मेमरीत जे बदललं असेल तेही गेलंच असतं, म्हणजे ती तपासणीसुद्धा फुसकी होती. हे मला दोन वर्षांनी, अंघोळ करताना सुचलं.)

भाऊबीज झाल्यावर टेस्टिंगमधली एक मुलगी पावतीच्या प्रोग्रॅमचा क्रॅश शोधायला बसली. जीडीबीत (चालता प्रोग्रॅम तपासायच्या साधनात) ब्रेकपॉइंट (इथे थांब अशी खूण) लावला आणि जीडीबी गोठला. किल -९ ला (प्रोग्रॅम जबरदस्तीने मारायच्या आज्ञेला) दाद नाही. सीपीयू शंभर टक्के. तिने माझ्याकडे बघितलं, मी हार्डवेअरकडे बोट दाखवलं. चार दिवस आम्ही रॅम, पॉवर सप्लाय, बोर्डची नवी खेप असं सगळं तपासत होतो.

झालं असं होतं: मी लिहिण्याचा फ्लॅग काढणं बंद केलं, पण पान शोधणाऱ्या कोडला "प्रत झाली असेल तर चालेल" हे सांगितलंच नव्हतं. त्यामुळे कर्नल पान मागायचा, परवानगी नाही म्हणून मिळायचं नाही, प्रत काढायचा, पुन्हा मागायचा, पुन्हा नाही. अनंतकाळ. सिग्नल आलाय का हे त्या आतल्या लूपमध्ये कोणी बघत नव्हतं, म्हणून मारताही येत नव्हतं. ब्रेकपॉइंट म्हणजे वाचायच्या पानावर जबरदस्तीने लिहिणंच की, तोही त्याच घाण्याला जुंपला जायचा. एक्सप्लॉइट मी थांबवला नव्हता, बैलासारखा गोल फिरत ठेवला होता.

शेवटी एक ओळ टाकली. सापडायला चार दिवस, टाकायला एक मिनिट. तुमच्या "चार ओळी"चा हिशेब हा असा.

इथपर्यंत चूक माझी, शंभर टक्के. पण सरांनी त्यातून जो धडा काढला त्यावर आम्ही पुढे दोन वर्षं भांडलो. त्यांचं म्हणणं, पॅच घेतल्यानेच बिघडलं. म्हणून नियम: सीव्हीई क्रमांक (जाहीर भोकांना मिळणारा नोंदणी क्रमांक) असेल, तो आपल्याला लागू आहे असं सिद्ध होईल, तरच पॅच घ्यायचा, तोही सुटा. माझं म्हणणं, बिघडलं ते सुटा पॅच परक्या कोडवर बसवायला गेलो म्हणून. चालू देखभालीच्या मालिकेवर चला आणि तिचे सगळे स्टेबल पॅच (बाहेर पडलेल्या आवृत्तीसाठी कर्नलवाले काढत राहतात त्या दुरुस्त्या) घ्या. "तीनशे पॅच घ्यायचे एका भोकासाठी?" हो, घ्यायचे!

कारण कुठला पॅच सुरक्षेचा आहे हे पॅच लिहिणाऱ्यालाही अनेकदा माहीत नसतं. तांदूळ निवडताना खडा निदान वेगळा दिसतो. अँड्रॉइडच्या बाइंडरमधलं (प्रोग्रॅमांना एकमेकांशी बोलू देणाऱ्या कर्नलच्या भागातलं) २०१९ चं प्रकरण बघा. गूगलच्या सिझबॉट या आपोआप बग शोधणाऱ्या यंत्रणेने तो बग २०१७ च्या नोव्हेंबरातच पकडला होता. २०१८ च्या फेब्रुवारीत दुरुस्त झाला, ४.१४ च्या स्टेबलमध्येही गेला. सीव्हीई क्रमांक कोणी दिला नाही, त्यामुळे अँड्रॉइडच्या महिन्याच्या सुरक्षा यादीत तो आलाच नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये गूगलच्याच प्रोजेक्ट झिरो या भोकं शोधणाऱ्या गटाने जाहीर केलं, की त्याच भोकातून खरे हल्ले होत आहेत आणि पिक्सेल २ सारखे फोनही उघडे आहेत. दुरुस्ती दीड वर्ष जगासमोर पडलेली होती. आमच्या सरांचा नियम गूगलच्या घरात लावून बघितला तर काय होतं, त्याचं हे उत्तर.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. बुजवतं कोण, तर बहुतेक वेळा त्या त्या भागाचा मेंटेनर, ज्याने तो कोड वर्षानुवर्षं सांभाळलाय. शोधणारा माणूस कर्नलच्या सुरक्षा गटाला खासगीत कळवतो, ते मेंटेनरला ओढून आणतात, दुरुस्ती ठरते. गुप्तता ठेवायची तर ती साधारण सात दिवस, महिने नाहीत. मग पॅच कर्नलच्या सगळ्यांना दिसणाऱ्या मूळ कोडमध्ये जातो, कमिटवर "सुरक्षा! सुरक्षा!" अशी पाटी नसते, आणि तिथून स्टेबल मालिकांमध्ये.

इथवर सगळं वेगात होतं. २०२२ चं 'डर्टी पाइप' घ्या. माक्स केलरमान यांच्याकडे ग्राहकांच्या लॉग फायली अधूनमधून खराब निघत होत्या. त्या एका कंटाळवाण्या तक्रारीचा पिच्छा पुरवत ते कर्नलपर्यंत पोचले. २० फेब्रुवारीला त्यांनी पॅचसकट कळवलं, २३ ला स्टेबल कर्नल बाहेर, २४ ला गूगलने अँड्रॉइडच्या कर्नलमध्ये घेतलं. दुरुस्ती खरोखर दोन ओळींची: दोन फंक्शनांमध्ये फ्लॅग शून्य करायचा राहिला होता, तो केला.

चार दिवसांत गूगलपर्यंत. पुढे चिपवाला ते स्वतःच्या बदललेल्या कर्नलवर बसवणार, फोनवाला ते चिपवाल्याकडून घेऊन आपल्या बदलांवर बसवणार, मग प्रत्येक मॉडेलची चाचणी, मग हप्त्याहप्त्याने वाटप. महिने तिथे जातात. प्रत्येक पायरीवर माझ्यासारखा कोणीतरी हाताने पॅच बसवत असतो आणि त्याच्या घरून फोन येतो. आमच्याकडे तर शेवटची पायरी म्हणजे पेनड्राइव्ह घेऊन गावोगाव फिरणारा माणूस होता, पावसाळ्यात तो जायचाच नाही.

फेब्रुवारी २०२४ पासून कर्नलवाले सीव्हीई क्रमांक स्वतःच देतात आणि जवळपास प्रत्येक संशयास्पद दुरुस्तीला देतात. आठवड्याला डझनांनी येतात. "सीव्हीई बघून निवडून घेऊ" म्हणणाऱ्यांनी त्यावर खूप आरडाओरडा केला. मला त्या दिवशी इतका आनंद झाला, की जुन्या ऑफिसच्या ग्रुपवर बातमी टाकली. सरांनी अंगठा दाखवला, त्याचा अर्थ अजून लागलेला नाही.

तेव्हा फोन घेताना कॅमेऱ्याआधी विचारा, सुरक्षा अपडेट किती वर्षं आणि दर महिन्याला की तीन महिन्यांनी. आणि कंपनीत असाल तर "आपण फक्त महत्त्वाचे पॅच घेतो" असं म्हणणाऱ्याला विचारा, महत्त्वाचे कोणते ते कुणी ठरवलं आणि कधी.

आता माझ्याच सल्ल्यात थोडं पाणी घालायची वेळ. स्टेबलमधले पॅचही कधी कधी मोडतोड करतात, मी स्वतः एकदा एका स्टेबल अपडेटनंतर रात्रभर यूएसबी पोर्ट शोधत बसलो आहे. चाचणीची यंत्रणा नसेल तर "सगळे घ्या" हा सल्ला देणं सोपं आणि पाळणं महाग. डर्टी काऊची ती डझनभर ओळींची दुरुस्तीही पुरी पडली नाही: मोठ्या पानांच्या बाबतीत तिला जोड द्यावी लागली, त्या जोडीतच चूक निघाली आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये 'ह्यूज डर्टी काऊ' आलं. वसुबारसेला गाय सवत्सच लागते, ते वासरू वर्षभर उशिरा आलं इतकंच.

आणि एक. सर तेव्हा म्हणाले होते, "हे लोकल भोक आहे, आधी आत लॉगिन लागतं. आपल्या डब्यात युजर आहे कोण?" मी ताडकन सांगितलं होतं, केंद्र चालवणारा आहे ना, त्याला मर्यादित लॉगिन आहे, दरपत्रकाची फाइल त्याला फक्त वाचायला आहे, उद्या त्याने फॅटचा दर बदलला तर गावाचं दहा दिवसांचं बिल चुकेल. सभेत सगळे गप्प झाले होते. काय सांगू, त्या दिवशी मी फार भारी दिसलो होतो. फक्त आमचा पावती छापणारा प्रोग्रॅम रूट म्हणून चालायचा, आणि शेतकऱ्याच्या नावात अर्धविराम टाकला की पुढचा मजकूर थेट शेलमध्ये (आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) जायचा. दर बदलायला गायीची गरजच नव्हती. हे मला तेव्हाच माहीत होतं आणि मी बोललो नाही, कारण तो प्रोग्रॅम मीच लिहिला होता.

सर, वाचत असाल तर युजरचा मुद्दा तुमचा. स्टेबलचा मात्र माझाच.